समानार्थी शब्द पाठ होतात, पण वाक्यात घातले की चुकतात. इंग्रजी शब्दसंग्रह नेमका कसा वाढवायचा?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, कॉलेज इंग्रजीतून. एसएससी सीजीएलची, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरभरतीच्या परीक्षेची, तयारी चालू आहे, पुढे जमलं तर परदेशी उच्च शिक्षणासाठीची जीआरई द्यायची आहे. व्याकरणाचं बरं चाललंय, घोडं अडतं ते शब्दांवर. माझ्याकडे जी पीडीएफ आहे तिच्यात एकेका शब्दासमोर आठ-दहा समानार्थी शब्द आणि हिंदीत अर्थ दिलाय. पाठ केलेलं दोन दिवस टिकतं, मग सगळे शब्द एकमेकांत मिसळतात. जे टिकतात तेही वाक्यात वापरले की कुणीतरी म्हणतं, असं म्हणत नाहीत.

रोज किती शब्द घ्यावेत? अर्थ कुठल्या भाषेत लिहावा? थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, घ्यावा का? आणि लॅटिन-ग्रीक मूळ शब्द शिकण्याचा खरंच उपयोग होतो, की तो नुसता क्लासवाल्यांचा बडेजाव?

शब्दवेल्हाळ

ताई, दोष तुमच्या पाठांतराचा नाही, यादीच्या मांडणीचा आहे. दहा शब्द स्वल्पविराम देत एका ओळीत लिहिले की ते सगळे एकच, असं डोक्यात बसतं.

मराठीतच बघा. शेंगदाणे, खोबरं, तेल खवट होतं. पोळी शिळी होते. दूध नासतं. बटाटा सडतो. सगळ्याचा अर्थ 'खराब झालं' हाच, पण 'दूध खवट झालं' असं शाळेतलं पोरही म्हणणार नाही. इंग्रजीत हीच वाटणी जवळजवळ जशीच्या तशी आहे. रॅन्सिड म्हणजे तूप, लोणी, तेल. स्टेल म्हणजे ब्रेड आणि बिस्किटं, त्यावरून पुढे शिळी बातमी आणि शिळा विनोदही. सावर दूध. रॉटन म्हणजे फळं, अंडी, लाकूड. प्यूट्रिड म्हणजे कुजून घाण सुटलेलं मांस. पीडीएफमध्ये मात्र हे पाचही एका रांगेत बसवलेले असतात, आणि मग वाक्यात 'रॅन्सिड मिल्क' येतं.

म्हणून पहिला नियम, शब्द वहीत एकटा लिहायचा नाही. तो ज्याच्यासोबत येतो तो शब्द शेजारी हवाच. इन्क्लेमंट, म्हणजे खराब, हा शब्द आज जवळजवळ फक्त हवेला लावतात, तेव्हा 'इन्क्लेमंट वेदर' एवढं मिळूनच पाठ करा. ॲब्जेक्ट पॉव्हर्टी (कमालीचं दारिद्र्य), आर्डंट सपोर्टर (कट्टर समर्थक), फोरगॉन कन्क्लूजन (आधीच ठरलेला निकाल) हेही तसेच. अर्थ विसरला तरी जोडीदार आठवतो आणि परीक्षेत तेवढ्यावर निभावतं.

दुसरं, शब्द कौतुकाचा की टीकेचा. फ्रूगल आणि थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, ऐकणाऱ्याला बरं वाटेल. स्टिंजी, मायझरली, पार्सिमोनिअस म्हणजे कंजूष, आणि यातला शेवटचा जरा भारदस्त कपडे घातलेला कंजूष. चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात, शब्दाशेजारी 'ॲप्रूव्हिंग' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' अशी खूण असते. बहुतेक जण ती बघतच नाहीत, आणि समानार्थी शब्दांतला निम्मा घोटाळा तिथेच होतो.

तिसरं, जोर. अनॉइड, अँग्री, फ्यूरिअस, लिव्हिड ही सरळ चढती शिडी आहे. पण इंडिग्नंट या शिडीवरची पायरी नाही, तो अन्याय पाहून आलेला राग. रिझेंटमेंट म्हणजे मनात धरून ठेवलेला, आढीचा राग. नुसता 'राग' असा अर्थ लिहून ठेवलात तर हे सगळे एकाच गोणीत जातील.

चौथं, पातळी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली, विद्वानांची लॅटिन आधीपासून होतीच, आणि घरगुती इंग्रजी खाली राहिली. म्हणून एकाच गोष्टीला तीन मजल्यांवरचे शब्द सापडतात. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. किंगली, रॉयल, रीगल. फायर, फ्लेम, कॉन्फ्लॅग्रेशन. आपल्याकडे पाणी आणि जल आहेत तसंच. जलप्रदूषण म्हणतो, पण पाहुण्याला 'जल घ्या' म्हटलं तर तो इकडेतिकडे बघेल. मित्राने वेळ विचारली तर त्याने तुम्हाला इंटरॉगेट केलं असं होत नाही, ते काम पोलिसांचं.

पाचवं, शब्दाचं व्याकरण. अफ्रेड ऑफ (घाबरलेला), ॲव्हर्स टू (नावड असलेला), रिलक्टंट टू (नाखूश) आणि पुढे क्रियापद. ॲव्हर्सच्या 'टू'पुढे नाम किंवा आयएनजी रूप लागतं, रिलक्टंटच्या 'टू'पुढे साधं क्रियापद. अर्थ जुळला म्हणून एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्य तिथेच मोडतं. तुम्हाला 'असं म्हणत नाहीत' ऐकावं लागतं ते बहुधा या पहिल्या आणि पाचव्या कारणांमुळे.

आता मिसळण्याबद्दल. जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकाच दिवशी एकत्र शिकले तर ते एकमेकांना खातात. हे शिकवणाऱ्यांना आणि अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे, तरी याद्या तशाच छापल्या जातात. आज फ्रूगल घ्या. तो पक्का झाला की आठ-दहा दिवसांनी पार्सिमोनिअस आणा आणि तेव्हा दोघांतला फरक एका ओळीत लिहा. विरुद्धार्थी जोड्यांनाही हेच लागू. गट करायचेच तर उजळणीच्या वेळी करा, पहिल्या भेटीत नको.

प्राज्ञ_पंतोजी

वरचं सगळं मान्य, पण मूळ शब्दांना बडेजाव म्हणू नका. संस्कृत कानावर असणाऱ्याला तिथे अर्धं जेवण वाढूनच मिळतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ साली मांडलं, त्याचा फायदा आपण परीक्षेत का घेऊ नये?

लॅटिन इग्निस म्हणजे अग्नी, त्यावरून इग्नाइट, इग्निअस. व्होक म्हणजे वाच्, त्यावरून व्होसिफरस, म्हणजे आरडाओरडा करणारा, आणि इक्विव्होकल, म्हणजे दोन्हीकडे सारखाच आवाज, द्व्यर्थी. नोव्ह म्हणजे नव, त्यावरून नॉव्हिस आणि रेनोव्हेट. युगम म्हणजे जू, बैलाच्या मानेवरचं. आपला 'जू' संस्कृत युग-वरून आला, म्हणजे त्याच घरातला. सबजुगेट म्हणजे शब्दशः जुवाखाली आणणं, ताब्यात घेणं. कॉन्जुगल म्हणजे एका जुवाला जोडलेल्यांचं, दांपत्याचं.

ॲनिमस म्हणजे मन किंवा जीव. मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा, अगदी आपल्याच शब्दांत. इक्वनिमिटी म्हणजे समचित्तता. युनॅनिमस म्हणजे एकमताचा. प्यूसिलॅनिमसमधला पहिला भाग 'अगदी लहान' या अर्थाचा, म्हणून भित्रा, क्षुद्र मनाचा. एका मुळावर चार शब्द, आणि चारही परीक्षेत विचारण्याजोगे.

पीडीएफवाले ज्यांत हमखास फसवतात असे काही शब्दही मुळावरूनच सुटतात. एनर्व्हेट ऐकायला 'एनर्जी देणं' वाटतं, पण त्यात 'ए' म्हणजे बाहेर आणि 'नर्व्ह' म्हणजे स्नायू, ताकद. ताकद काढून घेणं, अशक्त करणं. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, तो घाणेरड्या वासाचा. रेस्टिव्ह म्हणजे विश्रांत नव्हे, अस्वस्थ, आवरेनासा झालेला. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा, न्यायाधीश तसा हवा. कंटाळलेला तो अनइंटरेस्टेड.

शब्दवेल्हाळ

पंतोजी, एक भर घालतो. मूळ ओळखीचं वाटलं म्हणून अर्थ ठरवू नये. पेडेस्ट्रिअनमधला पेड लॅटिन, म्हणजे पाय, आपला पद. पेडगॉगमधला (म्हणजे शिक्षक) पेड ग्रीक, म्हणजे मूल. दिसायला एकच, घराणी वेगळी. अँटी आणि अँटे यांचंही तेच, एक विरुद्ध, दुसरा आधीचा. मूळ हे शब्द लक्षात ठेवायला वापरावं, अर्थाचा अंदाज बांधायला शेवटी. तीस-चाळीस मुळं पुरे. दोनशेची यादी पाठ करणं म्हणजे पुन्हा तीच पीडीएफ.

सुरसागरकाठ

अर्थ कुठल्या भाषेत, यावर कुणी बोललं नाही, आणि बडोद्यातल्या मराठी मुलांना खरा दगा तिथेच होतो.

पीडीएफमधला हिंदी अर्थ आपण मराठी डोळ्यांनी वाचतो. अमेंडमेंटसमोर 'संशोधन' लिहिलेलं असतं. हिंदीत ते दुरुस्ती, मराठीत रिसर्च. ऑब्जेक्शनसमोर 'आपत्ति', आपल्याकडे ते संकट. एन्डेव्हरसमोर 'चेष्टा', हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. एज्युकेशनसमोर 'शिक्षा', आता काय बोलायचं! 'अभिमान' तर छुपा रुस्तम आहे. मराठीत तो चांगला, हिंदी आणि गुजरातीत बहुधा घमेंडीकडे झुकतो. हॉटी किंवा ॲरोगंटसमोर 'अभिमानी' वाचून मराठी मूल तो शब्द कौतुकाचा समजून बसतं, आणि विरुद्धार्थीच्या प्रश्नात उलटं उत्तर देऊन येतं.

हा पेच बडोद्याला नवा नाही. सयाजीरावांच्या राज्यात कारभाराचे शब्द ठरवायला १९३१ साली 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला, त्यात एकेका संज्ञेचे पर्याय आठ भाषांत शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकाच रूपाचा शब्द शेजारच्या भाषेत निराळा निघतो, हे बहुभाषिक कारभारात रोजच दिसत असणार.

माझं म्हणणं असं. अर्थ आधी सोप्या इंग्रजीत, पाच-सहा शब्दांत. त्याखाली मराठी किंवा गुजराती, जी पटकन आठवेल ती, पण शब्द अगदी नेमका बसत असेल तरच. रॅन्सिडला खवट लिहा, मॅग्नॅनिमसला मोठ्या मनाचा लिहा. एम्बॅरस्डला 'लाजलेला' लिहू नका, कारण आपल्या एका 'लाज'मध्ये शेम, एम्बॅरसमेंट, शायनेस सगळे मावतात. अशा वेळी शब्द सोडून प्रसंग लिहा. 'चारचौघांत पायजम्याची नाडी सुटली' म्हणजे एम्बॅरस्ड, 'चोरी उघडी पडली' म्हणजे अशेम्ड. आणि पीडीएफमधला हिंदी अर्थ पेनाने खोडा, दिसला की पुन्हा तोच डोक्यात जातो.

दांडियाबाजारकर

खूप आभार सगळ्यांचे. 'आपत्ति' आणि 'अभिमानी' दोन्ही माझ्या पीडीएफमध्ये निघाले. आता वहीच्या जागी कार्डं करावीत म्हणते. कागदाची की अँकी हे उजळणीचं ॲप? कार्डावर नेमकं काय लिहू, रोज किती? थिसॉरसचंही राहिलं.

मांडवीमार्गे

कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहून मागे अर्थ, अशी कार्डं करू नका. त्याने नुसती ओळख वाढते, शब्द तोंडात येत नाही. पुढे गाळलेल्या जागेचं छोटं वाक्य लिहा आणि शब्दाचं पहिलं अक्षर द्या. मागे शब्द, इंग्रजीत एक ओळ अर्थ, त्याचा जोडीदार, सोबत येणारं प्रिपोझिशन, आणि पुढे कधीतरी एका शेजारी शब्दाशी फरक. एवढंच. कार्डावर सात-आठ समानार्थी कोंबले की कोणता आठवला म्हणजे 'आलं' समजायचं, हेच कळत नाही.

रोज आठ ते दहा नवे, आठवड्यात सहा दिवस. महिन्याला सव्वादोनशे-अडीचशे होतात. कमी वाटतील, पण खरं ओझं नव्यांचं नसतं, उजळणीचं असतं. रोज दहा नवे घेतले तर महिन्या-दीड महिन्यात रोजची उजळणी साठ-ऐंशी कार्डांवर जाते, म्हणजे अर्धा तास. उत्साहात रोज चाळीस घेणाऱ्यांचा डोलारा तिसऱ्या आठवड्यात इथेच कोसळतो. सण किंवा आजारपणात उजळणी साचली तर नवे शब्द बंद ठेवा, उजळणी नाही. नवरात्रीचे नऊ दिवस नवं काही घ्यायचं नाही, असं बडोद्यात राहणाऱ्याने आधीच ठरवून टाकावं.

कागदावर करायचं तर लाइटनरची पद्धत सोपी आहे. पुठ्ठ्याच्या डब्यात पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ, पाचवा सोळा दिवसांनी. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात, मग ते चौथ्यात असो की पाचव्यात. अँकी हेच हिशेब स्वतः करतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. त्यात नव्या कार्डांचा आकडा मुळात २० असतो, तो आधी १० करा. आणि दुसऱ्याची तयार हजार शब्दांची डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवून घेऊ नका. वाक्य स्वतः बनवण्यातच निम्मं पाठांतर होतं.

थिसॉरसबद्दल. पीटर मार्क रॉजे नावाच्या डॉक्टराने १८५२ मध्ये तो पहिल्यांदा छापला. त्याची मांडणी कल्पनांनुसार आहे आणि त्यात अर्थ दिलेले नाहीत, कारण तो शब्द माहीत असून ऐनवेळी न सुचणाऱ्या लेखकासाठी आहे. शिकणाऱ्याच्या हातात तो म्हणजे पुन्हा स्वल्पविरामांची यादी. थिसॉरसमधून शब्द उचलला की तो आधी लर्नर्स डिक्शनरीत बघायचा, खुणा वाचायच्या, दोन उदाहरणवाक्यं वाचायची, मगच कार्ड करायचं. मेरियम-वेब्स्टरच्या संकेतस्थळावर काही शब्दांखाली समानार्थींतला फरक समजावणारा परिच्छेद असतो, तो फार कामाचा.

शब्द आणायचे कुठून? एखादा इंग्रजी अग्रलेख रोज वाचा, पाचाहून जास्त शब्द उचलू नका, आणि आठवड्यात दुसऱ्यांदा भेटेल त्यालाच कार्ड करा. पुस्तकं हवी असतील तर मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहेच, १९१० पासूनची. युनिव्हर्सिटीत असाल तर हंसा मेहता लायब्ररी.

शब्दवेल्हाळ

परीक्षेपुरतं सांगतो, कारण दोन्ही परीक्षांना एकच तयारी चालत नाही.

सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीला अर्धा गुण वजा. शब्द बहुतेक सुटा विचारतात आणि जुन्या पेपरांतले शब्द पुन्हा पुन्हा येतात. म्हणून पहिले दोन महिने कार्डं जुन्या पेपरांवरूनच करा, चुकीच्या पर्यायांचीही, कारण आजचा चुकीचा पर्याय उद्याचा प्रश्न असतो. चारपैकी दोन पर्याय नक्की कापता आले तर उत्तर द्या, एकही कापता आला नाही तर सोडा.

जीआरईची तऱ्हा वेगळी. सप्टेंबर २०२३ पासून व्हर्बलला, म्हणजे भाषेच्या भागाला, ४१ मिनिटांत २७ प्रश्न आहेत, चुकीला वजाबाकी नाही. त्यातल्या सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतून दोन निवडायचे, वाक्याचा अर्थ दोन्हींनी सारखाच व्हायला हवा, आणि एकच बरोबर आला तर शून्य. समजा वाक्य असं आहे, 'तिचं उत्तर इतकं —— होतं की वार्ताहराला मथळ्यापुरतेही शब्द मिळाले नाहीत.' पर्याय लॅकॉनिक, टर्स, गॅर्युलस, लोक्वेशस, इव्हेसिव्ह, कँडिड. यादी पाठ करणारा गॅर्युलस आणि लोक्वेशस ही बडबड्यांची जोडी दिसताच झडप घालतो, पण ती वाक्यात बसत नाही. इव्हेसिव्ह, म्हणजे टाळाटाळीचा, ओढूनताणून बसतो, पण त्याला जोडीदार नाही. कँडिड, म्हणजे मोकळा, बसतच नाही. उरतात लॅकॉनिक आणि टर्स, दोन्ही मोजक्या शब्दांतले. म्हणून आधी पर्याय झाकून रिकाम्या जागी आपला साधा शब्द घाला, इथे 'थोडक्यात', आणि मगच पर्याय उघडा.

जीआरईचे उतारे वाचायला कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडेमिक वर्ड लिस्ट उरकून घ्या. ५७० शब्दकुळं (एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ) आहेत. कन्सिस्टंट, डिराइव्ह, हेन्स असे शब्द. अवघड दिसत नाहीत, पण यातला एक डगमगला की अख्खं वाक्य निसटतं.

प्राज्ञ_पंतोजी

एक बारीक सूचना. कार्डावर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहू नका, आपण इथे लिहितोय ते सोयीपुरतं. डिस्क्रीट दोन आहेत. 'डबल ई, टी' असा शेवट असलेला म्हणजे गाजावाजा न करणारा, तोंड सांभाळणारा. 'ई, टी, ई' असा शेवट म्हणजे सुटा, वेगवेगळा. देवनागरीत दोन्ही एकच होतात. लोथ आणि लोद यांचं स्पेलिंग मात्र उलट खेळ करतं, शेवटी 'ई' नसलेला 'नाखूश' आणि 'ई' असलेला 'तिरस्कार करणं'.

दांडियाबाजारकर

शेवटचा प्रश्न. काही शब्द कितीही वेळा बघितले तरी बसतच नाहीत. माझे ॲव्हर्स आणि ॲडव्हर्स तसे आहेत. त्यांना किती वेळा घोकायचं?

मांडवीमार्गे

घोकायचंच नाही. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्यावर 'लीच' अशी खूण करतं. कागदावर असाल तर कोपऱ्यात रेघ मारत जा, पाच रेघा झाल्या की ते कार्ड डब्यातून काढा. असा शब्द बहुतेक वेळा एकटा अवघड नसतो, दुसऱ्या कुणाशी तरी तो अडकलेला असतो. आधी त्या दुसऱ्याला शोधा, तुमचा सापडलेलाच आहे. मग दोघांची जुनी कार्डं फाडून एकच नवं करा, दोन्ही शब्द एकाच वाक्यात. ॲव्हर्स, म्हणजे नाखूश, माणूस असतो, ॲडव्हर्स, म्हणजे प्रतिकूल, परिस्थिती. 'ॲडव्हर्स वेदरमुळे तो प्रवासाला ॲव्हर्स झाला.' त्या वाक्यात दोन्ही जागा रिकाम्या ठेवा, अक्षर देऊ नका, आणि आठवडाभर बाजूला ठेवून मग पहिल्या कप्प्यात टाका. इफेक्ट आणि अफेक्ट, इमिनंट आणि एमिनंट, सगळ्यांना हाच उपाय.